मुलाखत लांब, बिट मोजके

क्लोद लान्झमान यांनी ज्यूंच्या नरसंहारावरचा ‘शोआ’ हा माहितीपट १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केला. १९८५ साली तो आला तेव्हा त्याची लांबी साडेनऊ तासांच्या घरात होती आणि त्यामागे दोनशेहून अधिक तासांचं चित्रण होतं. १६ मिलिमीटरचं ४०० फुटी रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने ११ मिनिटांत संपतं. बोलणाऱ्याला चाळीस वर्षांपूर्वीचं काही आठवू लागावं आणि नेमकं तेव्हाच रीळ बदलावं लागावं, ही त्या काळची ठरलेली अडचण. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये स्थापलेल्या शोआ फाउंडेशनने पन्नास हजारांहून अधिक साक्षी नोंदवल्या, त्याही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बीटाकॅम टेपवर. २००८ मध्ये कॅननचा ‘फाइव्ह डी मार्क टू’ आला आणि कमी खर्चात देखणं चित्रण शक्य झालं. पण एचडीत चित्रण करताना ४ गिगाबाइटची फाइल भरली की तोही साधारण १२ मिनिटांत थांबायचा.

आज २५६ गिगाबाइटच्या कार्डावर सेकंदाला १०० मेगाबिट या दराने साडेपाच तास सलग चित्रण होतं. माणूस दमेल, कार्ड दमणार नाही. ही किमया कॉम्प्रेशनची. मात्र कॉम्प्रेशन म्हणजे टाकून देणं, आणि कॅमेऱ्याने जे टाकलं ते पुन्हा मिळत नाही. म्हणून लांब मुलाखतीला बसण्याआधी कॅमेऱ्याच्या मेनूत जे निवडायचं, ते काय टाकलेलं चालेल हे ठरवून निवडायला हवं.

आधी हिशेब पाहू. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६० बिंदू. सेकंदाला २५ फ्रेम, १० बिटची खोली आणि रंगाची माहिती निम्मी ठेवणारी ४:२:२ पद्धत धरली, तरी काहीही न दाबता सेकंदाला सुमारे ४१५ कोटी बिट होतात. तासाला १.८७ टेराबाइट! दोन टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर जेमतेम एक मुलाखत मावेल. १०० मेगाबिट म्हणजे या ढिगातला चाळिसावा हिस्सा. एक सोपा आडाखा लक्षात ठेवावा : मेगाबिटचा आकडा निम्मा करा, त्यातून दहावा भाग वजा करा, की तासाला लागणारे गिगाबाइट मिळतात. १०० ला ४५, १५० ला साडेसदुसष्ट, ४०० ला १८०.

एकोणचाळीस हिस्से टाकूनही चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो, त्याचं श्रेय बरंचसं बंगळूरुत जन्मलेल्या नासिर अहमद यांना जातं. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला उजेड संथ व जलद लहरींची बेरीज म्हणून मांडायचा, ही त्यांची कल्पना. १९७२ मध्ये त्यांनी यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, तो मिळाला नाही. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता, अशी आठवण त्यांनी पुढे लिहिली आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या नावाची ती पद्धत जेपेग छायाचित्रांत आहे आणि २००३ च्या एच.२६४ व २०१३ च्या एच.२६५ या व्हिडिओ मानकांत तिचीच सुधारलेली रूपं आहेत.

मुलाखत देणाऱ्या बाईंच्या गालाचा एक चौकोन घ्या. तिथे उजेड हळूहळू उतरत जातो, म्हणून दोन-चार संथ लहरींत त्याचं वर्णन आटोपतं. जलद लहरींचे आकडे इतके लहान असतात की ते शून्य धरले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. आता त्याच बाईंच्या इरकली साडीची बारीक चौकडी बघा. तिथे सगळा ऐवज जलद लहरींतच आहे. बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारे बिट, कमी पडला की पहिला मार तिथेच बसतो, आणि मग पांढऱ्या केसांना व डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांना.

दुसरी बचत काळातली. शाळेत हजेरी कळवताना मास्तर पट एकदाच सांगतात, पुढे फक्त गैरहजर मुलांचे क्रमांक. कोडेक, म्हणजे चित्र दाबणारी यंत्रणा, हीही एक फ्रेम पूर्ण लिहिते आणि पुढच्या दहा-पंधरा फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं नोंदवते. याला ‘लाँग-जीओपी’ म्हणतात. उलट ‘ऑल-इंट्रा’ पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण असते. एचडी चित्रणासाठी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने लाँग-जीओपीला किमान ५० आणि ऑल-इंट्राला किमान १०० मेगाबिट सुचवले आहेत, यावरून दोहोंच्या भुकेतला फरक कळतो. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाचे ओठ, पापण्या, हात हलतात. भिंत, कपाट, खुर्ची जागच्या जागी. लाँग-जीओपीला याहून सोयीचा विषय नाही. अनेक मिररलेस कॅमेरे फोर-के, १० बिटसाठी १०० ते १५० मेगाबिट लाँग-जीओपी देतात आणि ४०० पर्यंत ऑल-इंट्राही. मुलाखतीसाठी पहिला पर्याय पुरतो.

पुरतो, पण खोलीत बाकी काही हलत नसेल तर. मागे फिरणारा पंखा, खिडकीतलं सळसळणारं झाड, वाऱ्याने हलणारा पडदा यांतला प्रत्येक बदल कोडेकला नोंदवावा लागतो आणि ते बिट चेहऱ्याच्या वाट्यातून जातात. सगळ्यांत मोठा चोर मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाही. अंधारलेल्या खोलीत आयएसओ ६४०० वर नेला की चित्रभर बारीक दाणे उठतात. हे दाणे दर फ्रेमला वेगळे, त्यांत कसलाच क्रम नाही, त्यामुळे मागच्या फ्रेमवरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही. कोडेक इमानेइतबारे दाणे नोंदवत बसतो आणि सुरकुत्या पुसतो. अशा वेळी बिटरेट वाढवण्याआधी एक दिवा वाढवावा. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी येतात आणि उजेड सारखा राहतो. नाहीतर स्थिर भिंतही कोडेकला सतत बदलती वाटते.

बिटची खोली हा वेगळा मुद्दा. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. मागच्या रंगवलेल्या भिंतीवर दिव्याचा उजेड एका कडेकडून दुसरीकडे मंदावत गेला आणि त्यात २५६ पैकी २०च पायऱ्या वापरल्या गेल्या, तर फोर-केमध्ये एकेक पायरी १९२ बिंदू रुंद होते. रंग दुरुस्त करताना जरा ताणलं, की भिंतीवर पट्टे उमटतात. १० बिटमध्ये तीच पायरी ४८ बिंदूंची. सपाट दिसणारं ‘लॉग’ चित्रण करायचं असेल तर ८ बिटच्या वाटेला जाऊच नये. फोर-के हवं का, हा प्रश्न त्यानंतरचा. एकच कॅमेरा असेल आणि माहितीपट एचडीत निघणार असेल, तर फोर-केचा उपयोग आहे : त्याच चित्रातून मध्यम आणि जवळची अशा दोन चौकटी काढता येतात आणि संकलकाला वाक्य कापलेलं झाकता येतं.

आवाजात काटकसर करण्यात तर काहीच हशील नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा न दाबलेला आवाज माइकमागे सेकंदाला १.१५ मेगाबिट घेतो. कॉलरवरचा आणि डोक्यावरचा असे दोन माइक धरले तरी १०० मेगाबिटच्या चित्रापुढे हे दोन-सव्वादोन टक्के. चित्र जरा खराब झालं तर प्रेक्षक सांभाळून घेतो. शब्द कळला नाही तर मुलाखतच हातची जाते.

लाँग-जीओपीची किंमत संकलनाच्या टेबलावर मोजावी लागते. मधल्या एका फ्रेमवर जायचं तर संगणकाला आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथून सगळं उलगडावं लागतं. एच.२६५ तीच प्रत साधारण निम्म्या बिटमध्ये देतो, पण जुना लॅपटॉप त्यापुढे हात टेकतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे चित्रण हलक्या प्रॉक्सीत, म्हणजे कामापुरत्या प्रतीत, किंवा ॲपलच्या २००७ पासूनच्या प्रोरेसमध्ये बदलून घेणं. एचडी, २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ सुमारे १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला ५५ गिगाबाइट घेतं. काम सुरळीत होतं, एवढाच त्याचा फायदा. कॅमेऱ्यात गेलेली सुरकुती प्रोरेसमध्ये उगवत नाही. म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाइल पुसायची नाही.

आणि ती किती ठिकाणी जपता येईल, यावर शेवटचा निर्णय. तीस तासांच्या मुलाखती १५० मेगाबिटने दोन टेराबाइट होतात, तीन प्रतींचे सहा. ४०० मेगाबिटने तीन प्रतींना सोळा टेराबाइट लागतात. खिसा बघून तिसरी प्रत गाळावी लागणार असेल, तर ऑल-इंट्रा सोडावं, प्रत सोडू नये. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी, बोलणारी व्यक्ती घालणार असेल त्या कपड्याच्या पोताचं काहीतरी खुर्चीवर टाकून दहा मिनिटं चित्रण करावं. मोठ्या पडद्यावर ते पूर्ण आकारात लावून भिंत, अंधारा कोपरा आणि कापडाची वीण या तीन जागा तपासाव्यात. तिन्ही शाबूत असतील तर मेनू बंद करून प्रश्नांची तयारी करावी. नसतील तर बिटरेटला हात लावण्याआधी दिव्याची जागा बदलून बघावी.