पोलादाची बादली वितळत का नाही?

संभाजीनगरहून जालन्याला जाताना सळयांनी भरलेले ट्रक आपण सगळ्यांनीच पाहिलेत. इथून जेमतेम ६० किलोमीटरवर भंगार वितळवून घराच्या स्लॅबची सळई बनते. पण एक साधा प्रश्न कधी पडलाय का? भट्टीतून निघालेलं पोलाद असतं सुमारे १,६०० अंश सेल्सिअसला. ते ज्या अवाढव्य बादलीत, म्हणजे लॅडलमध्ये ओततात, तिचं कवचही पोलादाचंच. आणि पोलाद तर १,५०० अंशांच्या आसपास वितळतं! मग ही बादली टिकते कशी?

उत्तर आत दडलंय. कवचाला आतून रिफ्रॅक्टरी विटांचं अस्तर असतं. कवचालगत सुरक्षेचा थर, त्याच्या आत झिजणारा थर. या विटांमध्ये प्रामुख्याने अ‍ॅल्युमिना किंवा मॅग्नेशिया असतं. शुद्ध अ‍ॅल्युमिना वितळायला २,००० अंशांहून जास्त तापमान लागतं, मॅग्नेशियाला २,८०० हून जास्त.

मग चिंता मिटली? छे! नुसत्या उष्णतेपेक्षा मोठा शत्रू म्हणजे स्लॅग. पोलादावर तरंगणारी ही वितळलेली मळी विटा अक्षरशः खाते. म्हणून ती जिथे लागते, त्या पट्ट्यात अनेक कारखाने मॅग्नेशिया-कार्बनच्या विटा लावतात. त्यातल्या ग्राफाइटमुळे स्लॅग विटेत सहज मुरत नाही. गंमत म्हणजे, तापलेल्या ग्राफाइटला हवा लागली की तोच जळतो. म्हणून विटेत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी मिसळतात. ती ऑक्सिजन आधी आपल्या अंगावर घेते.

लॅडल वापरण्याआधी नीट तापवावीही लागते. गार वीट एकदम तापली तर तडकते. अस्तरात ओल राहिली, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि पोलाद उसळतं.

शिवाय प्रत्येक घाण्याला, कामगारांच्या भाषेत ‘हीट’ला, अस्तर थोडं झिजतंच. ‘अजून एक हीट निघेल’ म्हणत लॅडल वापरली आणि अंदाज चुकला, तर पोलाद कवच फोडून बाहेर येतं. आजूबाजूला माणसं असतात. नव्या विटांचा खर्च दिसतो, टळलेला अपघात दिसत नाही. म्हणूनच लॅडल वेळेत थांबवायला जाणकार माणूस लागतो.

असा जाणकार व्हायचंय? पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथे मेटलर्जी शिकता येते, राउरकेलाच्या एनआयटीत सिरॅमिक इंजिनिअरिंग. तोवर पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला जालना गाठा. तिथे सळई बघालच, पण एक प्रश्न नक्की विचारा: ही लॅडल आता थांबवायची, हे तुम्ही कसं ठरवता?