एका काचेवर तीन लाख पेशी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केलेल्या पॅप तपासणीची स्लाइड म्हणजे बोटभर काच आणि तिच्यावर पसरलेला स्राव. त्यात ५० हजारांपासून ३ लाखांपर्यंत पेशी असतात. बिघडलेल्या पेशी कधी शेकड्यांनी असतात, कधी मोजून दहा-वीस. केंद्रक फुगलेलं, गडद, कडा वेड्यावाकड्या, एवढ्याच खुणांवरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या माणसाने त्या हुडकायच्या.

अमेरिकेतल्या काही प्रयोगशाळा हे काम नगावर पैसे देऊन घाईघाईत उरकून घेतात, हे १९८७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने चव्हाट्यावर आणलं. बातमीदार वॉल्ट बोगदानिच यांना त्यासाठी पुलित्झर मिळालं. १९८८ मध्ये कायदा झाला. त्याच्या नियमांनुसार एका माणसाने दिवसाला जास्तीत जास्त १०० स्लाइड वाचायच्या, त्याही किमान ८ तासांत. म्हणजे एका स्लाइडला पाच मिनिटंही नाहीत. स्लाइडमागे १ लाख पेशी धरल्या तर दिवसाला १ कोटी, सेकंदाला जवळपास साडेतीनशे. आणि ही सुधारलेली स्थिती!

एवढ्या रेट्यात काही निसटणारच. आयर्लंडची आरोग्य यंत्रणाच सांगते की तपासलेल्या हजार जणींत साधारण २० जणींच्या पेशी बिघडलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड वाचण्याच्या जुन्या पद्धतीत त्यातल्या १५ सापडतात, ५ निसटतात. या पाचांत निष्काळजीपणा कुठला आणि तपासणीची मर्यादा कुठली, यावर कोर्टात तज्ज्ञ भांडतात. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाला स्लाइडवरचा दोष चटकन दिसतो, हे मात्र विसरू नये.

लपवाछपवीला अशी सबब नाही. व्हिकी फेलन या आयरिश बाईंची २०११ ची स्लाइड ‘नॉर्मल’ ठरली. २०१४ मध्ये कर्करोग निघाला. त्याच वर्षी जुनी स्लाइड पुन्हा पाहिली गेली आणि पहिलं वाचन चुकल्याचं यंत्रणेला कळलं. बाईंना कळलं ते २०१७ मध्ये! स्लाइड वाचणाऱ्या टेक्ससमधल्या प्रयोगशाळेने एप्रिल २०१८ मध्ये दोष कबूल न करता २५ लाख युरोंवर दावा मिटवला. गप्प राहण्याची अट बाईंनी धुडकावली, म्हणून बाकीचं बाहेर आलं: कर्करोग झालेल्या २२१ जणींच्या जुन्या स्लाइडचा निकाल फेरतपासणीत वेगळा निघाला होता आणि बहुतेकींना त्याचा पत्ताच नव्हता. आरोग्य सेवेच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. फेलन २०२२ मध्ये गेल्या.

२२१ बायकांसाठी एक देश हादरला, आणि ते योग्यच झालं. आता आपला आकडा पाहा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कर्करोगाने वर्षाला सुमारे ८० हजार बायका मरतात. दिवसाला २१९. इथे स्लाइड चुकीची वाचली म्हणून दावा लावायची वेळच सहसा येत नाही, कारण स्लाइडच नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कर्करोगासाठी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के.

उपाय माहीत नाही म्हणावं, तर तो आपल्याच मराठवाड्यात सिद्ध झाला आहे. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. टाटा रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. एका गटाची, हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूसाठी फक्त एकदा चाचणी केली. आठ वर्षांत त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न झालेल्या गटात ६४.

सरकारच्या कार्यक्रमात मात्र ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर ५ वर्षांनी गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी करायची सोय आहे. गावच्या आशाताईंना विचारा, घरातल्या बाईला घेऊन जा, आणि निकालाचा कागद मागून घ्या. तोंडी ‘सगळं ठीक आहे’ यावर परत येऊ नका.