शिर्डी सोडून बोला!

‘‘तू मूळची कुठली गं?’’ पुण्यात आल्यापासून हा प्रश्न मी किमान शंभर वेळा ऐकलाय. ‘नगर’ म्हटलं की समोरून ठरलेली रिअॅक्शन येते, ‘‘अय्या, म्हणजे शिर्डीजवळ!’’ नाहीतर, ‘‘शिंगणापूरला जाताना लागतं ते ना?’’ शेवटी मी कंटाळून ‘पुण्याजवळच’ असं सांगायला लागले. कबूल करते, लाज वाटायची.

मग झालं असं, की एक मैत्रीण कोस्टारिकाला जाऊन आली. ज्वालामुखी, धबधबे, ढगात बुडालेली जंगलं! फोटो बघून मी जाम जळले आणि रात्री नकाशा उघडून बसले. कोस्टारिकाच्याच शेजारपाजारचा एल साल्वादोर हा अख्खा देश एकवीस हजार चौरस किलोमीटरचा. आणि माझा जिल्हा? सतरा हजार! चौदा तालुके, क्षेत्रफळात राज्यात पहिला नंबर. ज्वालामुखी म्हणाल तर आपला सह्याद्री लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. म्हणजे एक देश उशाशी असताना मी दुसऱ्यांच्या देशावर जळत होते.

गाइडही घरातच होता. माझे बाबा एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. जिल्ह्यातला प्रत्येक फाटा त्यांना तोंडपाठ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवसांसाठी गाडी काढली. मोबाइलवरचा नकाशा बाबांनी पहिल्याच चौकात बंद करायला लावला. ‘‘ती बाई काय सांगणार मला संगमनेरचा रस्ता?’’

नगर ते भंडारदरा साधारण दीडशे किलोमीटर. राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोले. कोल्हारला भेळ खाताना पुलाखालून प्रवरा वाहत होती, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. हे सगळं वैभव वरच्या भंडारदरा धरणाचं. ब्रिटिशांनी १९१०मध्ये काम सुरू केलं आणि १९२६मध्ये पूर्ण केलं. कागदावर नाव विल्सन डॅम, पण तिथं कुणी त्या नावानं विचारलं तर लोक हसतात. या पाण्यावर खाली साखर उभी राहिली. १९५०मध्ये राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना लोणीला, याच नदीकाठी सुरू झाला. आणि हीच नदी पुढे नेवाशाला जाते, जिथं १२९०मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले असं मानतात, तो पैस खांब आजही आहे.

धरणाच्या जलाशयाला वळसा घालून आम्ही रतनवाडीला पोचलो. वर रतनगड, जिथं प्रवरा उगम पावते. खाली अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ. काळ्या दगडावर इंच न् इंच कोरीवकाम. मी ‘वॉव’ म्हणून कॅमेरा काढला, तर बाबा दारातच थांबलेले.

‘‘काय झालं?’’

‘‘अकोले डेपोत असताना इथली मुक्कामी गाडी माझ्याकडं असायची,’’ ते म्हणाले. ‘‘रात्री अंधारात पोचायचं, गाडीतच झोपायचं, उजाडायच्या आत डबल बेल. देऊळ आहे एवढं माहीत होतं. एवढं असंल असं नव्हतं वाटलं.’’

चपला काढून ते बराच वेळ खांबांवरून हात फिरवत राहिले. मी फोटो काढला नाही.

त्या रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाचं तिकीट फाडलंय, पण उतरला कुठंच नाही. मग प्लॅन बदलला. आता बाबा सांगतील तिथं थांबायचं आणि गाडीतून उतरायचंच, बसल्याजागी दर्शन नाही!

दुसऱ्या दिवशी कळसूबाई. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढायला तीन तास धरा, अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. कळसूची गोष्ट मला फार आवडते. केर-भांडी करणार नाही या अटीवर कामाला राहिलेली ही मुलगी. मालकानं अट मोडली, तशी सरळ डोंगरावर निघून गेली. अपॉइंटमेंट लेटरमधल्या टर्म्स न पाळणाऱ्या तमाम बॉस मंडळींनी इथं एकदा येऊन जावं. बाबा गुडघ्यांमुळे पहिल्या शिडीपाशी थांबले. मी घामाघूम होऊन परत आले, तेव्हा एका मावशींच्या अंगणात नाचणीची भाकरी आणि पिठलं खात बसले होते. त्या मावशींच्या सासऱ्यांना ते ओळखत होते. अर्थातच.

तुमच्याकडे आणखी दोन दिवस असतील तर हरिश्चंद्रगड चुकवू नका. पाचनईची वाट सोपी. केदारेश्वराच्या गुहेत गारठलेल्या पाण्यात उभं शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. आणि कोकणकडा. त्याच्याबद्दल लिहिण्यापेक्षा पोटावर झोपून खाली बघा. साम्रदची सांदण दरी मात्र पावसाचं पाणी ओसरल्यावरच, हिवाळ्यात. आणि एक विनंती. मेअखेर-जूनमध्ये काजवे बघायला इथं गाड्यांची रांग लागते. काजवे एकमेकांना शोधतात ते उजेडाच्या खुणांनी. त्यावर तुम्ही हेडलाइट आणि फ्लॅश मारलात तर कसं जमायचं त्यांचं? दिवे बंद करा, झाडांपासून लांब राहा. जमत नसेल तर घरीच थांबा, प्लीज.

तिसऱ्या दिवशी नगर शहर. जिथं मी वाढले आणि काहीच बघितलं नाही. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. ऑगस्ट १९४२मध्ये नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेसच्या इतर नेत्यांना इथं आणून कोंडलं. नेहरूंनी १९४४मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं, आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रंही इथलीच. माझी शाळा जवळच, सहल मात्र दरवर्षी महाबळेश्वरला! कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन रणगाडा आहे. तिथं बाबा एखाद्या पोरासारखे हुंदडले. ‘चांदबिबी महाल’ म्हणून सगळे ओळखतात ती डोंगरावरची अष्टकोनी इमारत खरं तर निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. हे ऐकून बाबांचा चेहरा पडला. ‘‘एकतीस वर्षं मी चांदबिबी महाल म्हणूनच तिकीट दिलंय!’’ संध्याकाळी दौंड रोडवर मेहेराबादला गेलो. १० जुलै १९२५ला मौन धरून १९६९मध्ये देह ठेवेपर्यंत न बोललेल्या मेहेरबाबांची समाधी तिथं आहे. तिच्यासमोर शांत बसलेली अमेरिकन माणसं बघून वाटलं, हे लोक कुठून कुठून माझ्या गावाला येतात आणि मी ‘पुण्याजवळ’ म्हणते!

चौथ्या दिवशी दक्षिणेला निघालो आणि जणू देशच बदलला. घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कर्जतला पाचशे झाला तरी ते वर्ष बरं म्हणायचं. माळरान, बोरी-बाभळी, रुंद आभाळ. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८०चं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. अपेक्षा फार नव्हती. आणि अचानक पंधरा-वीस काळवीट! त्यातल्या एकानं विनाकारण, निव्वळ मजेत उंच उडी मारली. बाबांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि नाद सोडून दिला.

शेवटी जामखेड तालुक्यातलं चोंडी. १७२५मध्ये इथं जन्मलेल्या मुलीनं पुढं माळव्याचा कारभार केला आणि काशीचं विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं. अहिल्याबाई होळकर. २०२४मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं ते त्यांच्यावरून. आजही गाव लहान आणि शांत आहे. बाबा म्हणाले, इथं मात्र ते पूर्वी एकदा उतरले होते, गाडी बंद पडली म्हणून.

परतताना त्यांनी खिशातून डायरी काढली आणि कंडक्टर वे-बिल भरतात तशी नोंद करायला घेतली. ठिकाणं, किलोमीटर, डिझेल, भेळ. ‘उतारू’ या रकान्यात लिहिलं : दोन.

‘‘निघोजचे रांजणखळगे राहिले,’’ डायरी मिटता मिटता ते म्हणाले. ‘‘कुकडीनं दगडात केलेत ते. पुढच्या शनिवारी मोकळी आहेस का?’’

मी मोकळी आहे. गाडी कोण चालवणार, यावर अजून वाद चालू आहे.