क्षमा हवी? अटी लागू!

केक, वाइन आणि गोव्याची ट्रिप... ख्रिश्चन मित्रमैत्रिणींबद्दल आपलं नॉलेज बहुतेक इथेच संपतं. पण सोमवार ते शनिवार, ऑफिसात, लोकलमध्ये आणि घरातल्या भांडणांमध्ये ही श्रद्धा जगायची म्हणजे नेमकं काय करायचं? वसईतल्या एका घरात मिळालेलं हे उत्तर.

बुधवारची सकाळ. ऑफिसची लिफ्ट. माझ्या मैत्रिणीच्या कपाळावर राखेचा काळपट डाग. शेजारच्या टीममधला एक जण अगदी काळजीनं म्हणाला, "कपाळाला काहीतरी लागलंय, टिश्यू देऊ?"

"नको," ती हसून म्हणाली, "मुद्दाम लावून घेतलंय."

तो राखेचा बुधवार होता. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात आणि फादर ती कपाळाला लावतात. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार, याची वर्षातून एकदा आठवण! सकाळी सहाची मिस्सा करून, राख लावून, विरारहून येणारी खच्चून भरलेली लोकल पकडून ती थेट मार्च एंडिंगच्या एक्सेल शीटसमोर येऊन बसली होती.

ती वसईची. अकाउंट्समध्ये आहे. वय एकोणतीस. घरी कुपारी बोली, ऑफिसात मराठी-हिंदी-इंग्लिश मिसळ आणि देवाशी अस्सल प्रमाण मराठी! १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर लॅटिनमधली मिस्सा जगभर स्थानिक भाषांमध्ये आली. त्यामुळे वसईतल्या कित्येक चर्चेसमध्ये रविवारी तुम्हाला छान, शुद्ध मराठी ऐकायला मिळेल.

"लोकांना वाटतं, आमचा धर्म म्हणजे नाताळ," ती म्हणते. "खरं सांगू? नाताळ सोपा आहे. कठीण असतं ते साधं मंगळवार-बुधवार."

बेसिक फंडा

तसा फंडा दोन ओळींचा. सर्वात मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर येशूनं दोन गोष्टी सांगितल्या : देवावर मनापासून प्रेम करा आणि शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करा. बस्स! बाकी सगळं या दोन खुंट्यांवर टांगलेलं. आता 'शेजारी' म्हणजे बिल्डिंगमधला, लोकलमध्ये पायावर पाय देणारा, तुमचं क्रेडिट खाणारा टीम लीडर... सगळेच. इथेच खरी गोची आहे.

माझ्या मैत्रिणीची गोची झाली ती एका बिलावर. आधीच्या नोकरीत तिला मागच्या तारखेचं बिल तयार करायला सांगितलं होतं. "सगळेच करतात" ही आपली नॅशनल कॅचलाइन तिलाही ऐकवण्यात आली. तिनं नाही म्हटलं. पुढचे सहा महिने तिला ऑफिसात 'मदर तेरेसा' म्हणत होते. आणि इन्क्रिमेंट? पुढच्या वर्षी बघू!

"मी काही संत नाहीये," ती म्हणते. "पण लहानपणी जक्कयची गोष्ट ऐकलेली असते ना... त्या काळचा टॅक्सवाला, झाडावर चढून येशूला बघणारा. येशू त्याच्या घरी जेवायला गेला आणि याचं मनच पालटलं. ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन, म्हणाला. मी अकाउंट्सवाली, म्हणजे माझ्याच लाइनचा माणूस! बिल करताना तो डोळ्यांसमोर आला, काय करू?"

पाय नाही, भांडी!

तिचंच घर कशाला, पुण्यातलं आणखी एक घर बघा. नवरा नगरकडचा प्रोटेस्टंट, बायको हिंदू. दोघंही आयटीत. लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली, १९५४च्या. कोणी कोणाचा धर्म बदलायचा नाही, हे ठरलेलं. मग श्रद्धा दिसते कुठे? जेवणाच्या टेबलावर. जेवणाआधी तो डोळे मिटून अर्धा मिनिट प्रार्थना करतो. ती आपला फोन उलटा ठेवते आणि गप्प बसते. "माझी प्रार्थना तेवढीच," ती डोळे मिचकावत सांगते, "पण दिवसातलं तेवढं अर्धा मिनिट आम्ही दोघंही खरंच एका टेबलावर असतो."

आणि रात्रीची भांडी? ती तो घासतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते. तेव्हा हे काम नोकराचं होतं. "घरात मोठेपणा कसा गाजवायचा, याचं तेच एक मॉडेल मला दिलंय," नवरा म्हणतो. "पाय धुतो म्हटलं तर ती हसेल. म्हणून भांडी."

एका घरात दोन श्रद्धा हे काही आपल्याच पिढीचं टेन्शन नाही, बरं का! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या काळातला दुरावा, राग आणि पुन्हा जवळ येणं, सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. वाचलं नसेल तर पुढच्या लाँग वीकेंडला वाचाच.

चौकट : चाळीस दिवसांचं गणित
- राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की उरतात चाळीस. हा उपवासकाळ.
- कॅथलिक नियमानुसार १८ ते ५९ वर्षं वयाच्या निरोगी माणसांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवास करायचा : एकदाच पोटभर जेवण, बाकी दोनदा थोडंसं. या दोन्ही दिवशी मांस नाही.
- उपवास हा तीन पायांचा स्टूल : प्रार्थना, उपवास आणि दान. स्वतःच्या तोंडचा घास वाचवला तर तो दुसऱ्याच्या ताटात जायला हवा. नाहीतर ते नुसतं डाएटिंग!
- रविवारी शिफ्ट आहे? शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरतात.

दानाचा हा भाग मला विशेष आवडला. कारण त्यात नुसता चेक फाडून चालत नाही. कित्येक धर्मग्रामांमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे गट असतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन ही सुरू केली. नियम साधा : गरजू माणसाला बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. माझी मैत्रीण या उपवासकाळात ऑफिसची कॉफी बंद ठेवते आणि दर शनिवारी एका आजारी आजींकडे जाते. "कॉफीचे पैसे देणं सोपं होतं," ती म्हणते. "त्यांचं तेच ते गाऱ्हाणं पाचव्यांदा ऐकणं... तो माझा खरा उपवास."

वाडी, बावखल आणि भिंत

आता मुख्य गोष्ट. एका शनिवारी मी तिच्या घरी राहायला गेले. रात्री साडेआठला टीव्ही बंद, वाय-फाय बंद. आई, पप्पा, आजी, ती आणि तिचा भाऊ जपमाळ घेऊन बसले. मीही भिंतीला टेकून बसले. जपमाळेत पाच दशकं असतात. प्रत्येक दशकात दहा वेळा 'नमो मरिया' आणि दशकाच्या सुरुवातीला येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना. अगदी सुरुवातीची एक धरली तर ही प्रार्थना एका जपमाळेत सहा वेळा येते.

या प्रार्थनेत एक मोठी गंमत आहे. तिच्यात आपण देवाकडे क्षमा मागतो, पण छोट्या अक्षरातल्या 'अटी लागू'सकट! आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. म्हणजे आपण शून्य केली तर... स्वतःच्याच तोंडानं शून्य मागितली की!

खिडकीतून मला एक उंच भिंत दिसत होती. भिंतीपलीकडे लाइट. "कोण राहतं?" मी नंतर हळूच विचारलं.

"काका," ती म्हणाली. "पप्पांचा सख्खा भाऊ. अकरा वर्षं बोलत नाहीत."

वसईत अशा भिंती समजायला वाड्या समजायला हव्यात. केळी, फुलं, विड्याची पानं आणि वाडीला पाणी पुरवणारं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. पोर्तुगीज १५३४ मध्ये इथे आले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर गेले. लोक आणि वाड्या राहिल्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुंबई इथवर सरकली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात पुढे उभे राहिले. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. झाड आणि पाणी वाचवणं हाही श्रद्धेचाच भाग, हे त्यांनी वसईला जगून दाखवलं.

पण आंदोलन जमीन वाचवू शकतं, प्रत्येक घर नाही. मैत्रिणीच्या काकांना डोक्यावरचं कर्ज फेडायचं होतं. त्यांनी आपला हिस्सा विकला. बावखल बुजलं. पप्पांनी भर चर्चच्या आवारात, चारचौघांत भावाला "बापाचं पाणी विकणारा" म्हटलं. नंतर काकांच्या मुलीच्या लग्नालाही कोणी गेलं नाही. मग भिंत.

"मी एकदा एक्सेलमध्ये आकडा काढला," मैत्रीण म्हणाली. अकाउंट्सवाली ना! "रोज सहा वेळा, वर्षाला दोन हजार एकशे नव्वद. अकरा वर्षांत चोवीस हजार नव्वद वेळा आम्ही ती प्रार्थना म्हटली. आणि बहुतेक पलीकडेही तेवढीच."

"पप्पांना दाखवलास आकडा?"

"दाखवला. दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत!"

चार मिनिटांचा रस्ता

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी यात फक्त पुरुष असायचे. २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयानं स्त्रियांनाही बसता येतं. यंदा धर्मग्रामातून पप्पांना निरोप आला : बारा जणांत तुमचं नाव घालू का?

गावात मान असतो याला. आई खूश. पप्पा मात्र "बघतो" म्हणाले आणि तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी लेकीला विचारलं, "ते डोंगरावरच्या प्रवचनात आहे ना, वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाची आठवण झाली तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर... ते नीट वाच बरं."

तिनं वाचलं. पप्पांनी पुन्हा वाचायला लावलं.

"बघ," ते म्हणाले, "माझ्या मनात भावाबद्दल राग असेल तर, असं नाहीये ते. भावाच्या मनात माझ्याबद्दल काही असेल तर, असं आहे. एवढी वर्षं ऐकतोय, उलटंच ऐकत होतो."

कारण बावखल काकांनी बुजवलं होतं, पण चारचौघांतला तो शब्द पप्पांचा होता. तो पलीकडे अजून तसाच पडून होता.

बुधवारी रात्री जपमाळ झाल्यावर त्यांनी चपला घातल्या. हातात वाडीतल्या वेलची केळ्यांची फणी. भिंतीला दार ठेवलेलंच नव्हतं, त्यामुळे रस्त्यानं वळसा घालून जावं लागलं. चार मिनिटांचा रस्ता. मैत्रीण सोबत होती.

काकांनी दार उघडलं. कोणी कोणाला मिठी मारली नाही. बॅकग्राउंड म्युझिक नव्हतं. पप्पा उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. सगळ्यांदेखत बोललो, ते जास्त चुकलं."

काका बराच वेळ केळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा घेणार?"

"घेतो. साखर कमी. डायबिटीस झालाय."

"मलापण," काका म्हणाले.

एवढंच. बावखल काही परत येणार नाही. तिथे आता चार मजली बिल्डिंग आहे. जमिनीबद्दल दोघांचं मत अजूनही वेगळंच आहे आणि भिंतही उभी आहे. गुरुवारी पप्पांचे पाय धुतले गेले तेव्हा काका शेवटच्या बाकावर बसले होते आणि मिस्सा संपल्यावर न बोलता निघून गेले. पण ईस्टरला दुपारी काकांकडून फुग्यांचा डबा आला. भिंतीवरूनच!

"चोवीस हजार नव्वद वेळा म्हटलं," मैत्रीण मला लोकलमध्ये सांगत होती, "तेव्हा कुठे एकदा केलं. पण नुसतं म्हणत राहिलो नसतो, तर तेही झालं नसतं गं."

बोरिवलीला गर्दी उतरली. बसायला जागा मिळाली. मी फोन काढला आणि ब्लॉक केलेल्या नंबरांची लिस्ट उघडली. तीन नावं होती. एका नावावर बोट बराच वेळ थांबलं. मी ख्रिश्चन नाही. पण चार मिनिटांचा वळसा काय, कुणालाही घालता येतो. तुमच्या लिस्टमध्ये किती नावं आहेत?