वर तरंगत आलेली चंद्राची साल

अपोलो-११ ने १९६९ साली आणलेली बहुतेक माती काळपट होती. यान लाव्हाच्या सपाट मैदानात उतरले होते, तेव्हा त्यात नवल नव्हते. पण त्या मातीत थोडे पांढरे कणही सापडले. ते होते ॲनॉर्थोसाइट या खडकाचे, म्हणजे बहुतांशी प्लॅजिओक्लेज या एकाच हलक्या खनिजाचे. उल्कांच्या माऱ्याने ते दूरच्या उंच भागांतून उडून आले असणार, असे शास्त्रज्ञ जॉन वुड यांनी ताडले. मग चंद्राचे ते सगळे उजळ डोंगराळ प्रदेश याच खडकाचे असले पाहिजेत. इतके हलके खनिज पृष्ठभागावर एकवटले कसे? १९७० मध्ये उत्तर मांडले गेले: चंद्र कधीकाळी शेकडो किलोमीटर खोलीपर्यंत वितळलेला होता. गुऱ्हाळात उकळत्या रसावर मळी येते, तसे प्लॅजिओक्लेज वर तरंगले. ऑलिविन आणि पायरोक्सिन ही जड खनिजे खाली बसली.

चिमूटभर पांढऱ्या कणांवरून अख्खा चंद्र वितळवायचा, हे धाडसच. एवढी उष्णता आली कुठून, हेही सांगायला हवे होते. १९७५ मध्ये हार्टमन आणि डेव्हिस या शास्त्रज्ञांनी टकरीची कल्पना मांडली. तिचे आजचे रूप असे: सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या तप्त मलब्यातून चंद्र घडला. हा मलबा मुख्यतः बाहेरच्या खडकाळ थरांचा, म्हणून चंद्राच्या वाट्याला लोखंड कमी आले. अपोलोच्या भूकंपमापकांच्या जुन्या नोंदी २०११ मध्ये नव्याने तपासल्या, तेव्हा गाभ्याची त्रिज्या जेमतेम ३३० किलोमीटर निघाली. चंद्राची १,७३७ आहे. पृथ्वीचा गाभा तिच्या त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त पसरलेला आहे. एक गाठ मात्र सुटलेली नाही. चंद्रावरच्या आणि पृथ्वीवरच्या खडकांतले ऑक्सिजनचे समस्थानिक जवळजवळ तंतोतंत जुळतात. मग आदळणाऱ्या त्या परक्या गोलाचा ठसा गेला कुठे?

अपोलोची सगळी याने विषुववृत्ताच्या आसपास उतरली. वर तरंगून आलेली ही साल सगळीकडे सारखीच आहे का, हे पाहायला दक्षिणेकडे जाणे भाग होते. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. प्रज्ञान बग्गीने २३ ठिकाणी मातीतली मूलद्रव्ये मोजली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी वर्षभराने ‘नेचर’मध्ये निष्कर्ष दिले: तिथेही ॲनॉर्थोसाइटच्याच जातीचा खडक. पण मॅग्नेशियम अपेक्षेहून जास्त. जवळच, साधारण ३५० किलोमीटरवर, दक्षिण ध्रुव-एटकेन हे प्रचंड विवर आहे. ते खोदले गेले तेव्हा खोलवरचे मॅग्नेशियमयुक्त साहित्य उसळून या मातीत मिसळले असावे, असे या संशोधकांना वाटते.