केमनमधला एक शेअर

फेब्रुवारी 2007 मध्ये व्होडाफोनने हचिसन-एस्सार या भारतातल्या मोबाइल कंपनीमधला हचिसनचा 67 टक्के हिस्सा सुमारे 11 अब्ज डॉलरना घ्यायचे ठरवले. टॉवर भारतात, ग्राहक भारतात, परवाने भारत सरकारचे. हस्तांतर झाले ते मात्र, ज्या कंपनीमार्फत हा हिस्सा धरलेला होता त्या, केमन बेटांवरच्या सीजीपी इन्व्हेस्टमेंट्सच्या एकुलत्या एका शेअरचे. आयकर खात्याने सुमारे 11 हजार कोटी रुपये मागितले, तेही नफा कमावणाऱ्या हचिसनकडे नव्हे, तर पैसे देताना करकपात केली नाही म्हणून व्होडाफोनकडे. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. 20 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि दोन महिन्यांच्या आत अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी असे सौदे करपात्र ठरवणारी, थेट 1962 पासून लागू होणारी दुरुस्ती अर्थसंकल्पात आणली. माझ्या मते सरकार हरले ते तिथेच, आणि हरले ते नैतिक पातळीवर. तोवर प्रश्न कंपन्यांच्या वागण्याचा होता. त्यानंतर तो सरकारच्या शब्दाचा झाला.

कायद्याने बसतो तेवढाच कर भरण्यात अनैतिक ते काय, असे यावर विचारले जाते. पगारदाराने वजावटी घेतल्या तर ते खरेच आहे, कारण त्या संसदेने जाणूनबुजून दिल्या आहेत. भारतातल्या व्यवसायाचा भाव भारताबाहेर वसूल करण्याची सवलत संसदेने कधी दिली नव्हती. ती फट होती. सर्वोच्च न्यायालयानेही 1985 मध्ये मॅकडॉवेल खटल्यात अशा क्लृप्त्यांवर कडक ताशेरे ओढले होते, पण 2003 मध्ये आझादी बचाओ आंदोलनाच्या खटल्यात मॉरिशस मार्गाला, म्हणजे तिथल्या कंपनीमार्फत गुंतवणूक करून भारतातला कर टाळण्याच्या वाटेला, मान्यता देताना त्यांची धार बोथट केली. म्हणजे फट सर्वांना दिसत होती आणि ती बुजवण्याचे काम संसदेचे होते. आता, फटीचा फायदा घेणाऱ्याला मागच्या तारखेने पकडले तर काय बिघडले? आक्षेप वजनदार आहे, विशेषतः त्या नफ्यावर भारतात दमडीही कर बसला नसताना. पण सौदा करताना जो नियम वाचायला उपलब्धच नव्हता, तो मोडल्याचा ठपका ठेवता येत नाही. खरेदीदारावर तर नाहीच, कारण नफा त्याचा नव्हता.

पुढचे सगळे महागात पडले. सप्टेंबर 2020 मध्ये हेगच्या लवादाने व्होडाफोनच्या बाजूने कौल दिला, डिसेंबरमध्ये अशाच मागणीविरुद्ध लढणाऱ्या केर्न या ब्रिटिश तेल कंपनीला 1.2 अब्ज डॉलर देण्याचा आदेश भारताला झाला आणि जुलै 2021 मध्ये केर्नने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणली. ऑगस्टमध्ये तेव्हाच्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जुन्या मागण्या सोडून देणारा कायदा आणला. त्या गदारोळात एक गोष्ट फारशी कोणी बोलले नाही: 28 मे 2012 नंतरच्या अशा सौद्यांवरचा कर त्या कायद्याने कायम ठेवला आहे.