‘दुर्लक्ष कर’ म्हणणं सोपं असतं
जानेवारी २०२४. नेदरलँड्समधल्या वाइक आन झी या गावी टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धा नुकतीच आटोपली होती. चॅलेंजर्स गटात खेळलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने समाजमाध्यमावर मोकळेपणाने लिहिलं: प्रेक्षकांचं लक्ष माझ्या चालींकडे नव्हतंच, कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच त्यांची चर्चा. मुलग्यांच्या वाट्याला हे येत नाही, असंही तिने सुनावलं. आणि या सगळ्याचं आपल्याला वाईट वाटलं, हे लपवलं नाही. तेव्हा ती १८ वर्षांची होती.

अशा वेळी घरातली मोठी माणसं हमखास म्हणतात, ‘अगं, दुर्लक्ष कर. लोकांचं काय, आज बोलतील, उद्या विसरतील.’ सल्ला मायेचाच असतो, पण त्या वयात तो पाळणं फार अवघड.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लीआ सॉमरव्हिल यांनी २०१३मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण ८ ते २३ वर्षांच्या मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि एवढंच सांगितलं की, आता कॅमेरा सुरू होतोय, तुमच्याच वयाचं कुणीतरी तुम्हाला बघतंय. करायचं काहीच नव्हतं आणि खरं तर बघणारंही कुणी नव्हतं. तरी किशोरवयीनांना ओशाळल्यासारखं झालं, त्वचेवर सूक्ष्म घाम वाढला. कपाळामागे मध्यभागी असलेला, ‘मी कसा, मी कशी’ या विचाराशी जोडलेला मेंदूचा भाग त्यांच्यात लहान मुलांपेक्षा अधिक सक्रिय दिसला. नुसत्या नजरेने हे होतं. टोमणे तर पुढची गोष्ट.

माणसाला ताण नेमका कशाने येतो, याचंही मोजमाप झालंय. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३मध्ये तयार झालेली एक चाचणी आजही जगभर वापरतात. पाच मिनिटं भाषण, मग तोंडी वजाबाक्या, आणि समोर मख्ख चेहऱ्याचे परीक्षक. (आपल्याकडच्या तोंडी परीक्षा ज्यांनी दिल्यात, त्यांना याचं नवल वाटणार नाही.) प्रयोगशाळेत लोकांवर ताण आणणाऱ्या वेगवेगळ्या प्रकारच्या २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४मध्ये घेतला. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सर्वांत जास्त कधी वाढतं? लोक आपल्याला जोखत आहेत आणि काहीही केलं तरी परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की. अशा वेळी ते खाली यायलाही सर्वाधिक वेळ लागतो.

मला वाटतं, ‘दुर्लक्ष कर’ इथेच तोकडं पडतं. जोखणं त्याने थांबत नाही, आणि करण्यासारखं काही हातातही येत नाही. उलट, जे झालं ते शब्दांत मांडणं हे काहीतरी करणं आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं पाहताना त्या भावनेला साजेसा शब्द निवडायला सांगितला, तेव्हा भीतीशी निगडित अमिग्डाला या मेंदूच्या भागाची सक्रियता उतरली. प्रयोगशाळेतली छायाचित्रं आणि खरी नालस्ती यांत अंतर आहे, हे मान्य. पण दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे.

दिव्याच्या मेंदूत काय घडलं, हे कुणी मोजलेलं नाही. पटावरचं तेवढं सर्वांसमोर आहे. जून २०२४मध्ये गांधीनगरला ती वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली, सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सांघिक आणि वैयक्तिक सुवर्ण, आणि जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक. त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही. हे सारं त्या एका पोस्टमुळे झालं, असं म्हणणं खुळेपणाचं ठरेल. मिनेसोटा विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन मास्टेन अनेक वर्षं सांगत आल्या आहेत की, तग धरणाऱ्या मुलांकडे अद्भुत असं काही नसतं. पाठीशी उभं राहणारं मोठं माणूस, हातात एखादं कौशल्य, स्वतःला सावरण्याची सवय, अशा साध्याच गोष्टी असतात.

सावरण्याची ही सवय शिकवता येते का? २०२२मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं. शाळा-महाविद्यालयांतल्या चार हजारांवर विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत काहींना जेमतेम अर्ध्या तासाच्या ऑनलाइन पाठात शिकवलं की, छाती धडधडते ती शरीर कामाला सज्ज होतंय म्हणून. त्यांची ताणाची प्रतिक्रिया खरोखर सुधारली. शाळांनी हा पाठ जरूर घ्यावा. मात्र तो होता अभ्यास, भाषण, परीक्षा यांच्या ताणासाठी. कपड्यांवरचे शेरे ऐकून धडधडणाऱ्या मुलीलाही हाच पाठ दिला, तर शेरे मारणारा अलगद सुटतो.